उजवा गावात, डावा तांड्यात

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते आणि त्यांना चित्र काढता येत नव्हतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांनी फळ्यावर आंबा काढला की पोरं "बदक! बदक!" म्हणून ओरडत आणि सर शांतपणे म्हणत, "बदक तर बदक. रंग द्या त्याला." जागा चित्रकलेची होती म्हणून नेमणूक चित्रकलेची. संगीताचा शिक्षक मंजूर होईल असं आमच्या शाळेचं नशीब नव्हतं. जवळा बाजारपासून आत, डांबर संपून खडी लागते तिथलं ते गाव. हिंगोली अजून जिल्हा व्हायची होती आणि आमचे सगळे कागद परभणीला जात, ते बहुतेक तिकडेच राहत.

मी विज्ञान शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची सरांच्या शेजारी होती, आणि त्याचा मला फार त्रास होई. कारण त्यांची बोटं टेबलावर सतत वाजत असत. मी वह्या तपासतेय आणि लाल पेन टेबलावर नाचतंय, हा रोजचा प्रकार. ठेका चालू असताना त्यांना काही विचारलं तर ते डावा हात वर करत. "थांबा. सम येऊ द्या." आवर्तन पुरं होऊन पहिल्या मात्रेवर परत आले की मग, "हां, बोला." मुख्याध्यापकांनाही हाच न्याय. एकदा ते कुठल्याशा कामासाठी घाईनं आले, तर सर नेमके काहीतरी संथ वाजवत होते. सम काही येईना. मुख्याध्यापक बिचारे दारात उभे राहिले आणि थोड्या वेळानं स्वतःच पायानं ताल धरायला लागले.

तपासणीला साहेब आले तेव्हाची गोष्ट तर गावभर झाली होती. साहेबांनी सातवीची चित्रं मागवली. पहिल्या कागदावर तबला, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर तबला. अख्ख्या वर्गाचे तबले पाहून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढला.

"हे काय?"

"वस्तुचित्र," सर म्हणाले.

"दुसरी वस्तू नाही का तुमच्याकडे?"

"डग्गा हाय. तो आठवीला देलाय."

साहेबांना हसू आवरेना म्हणून सर वाचले. मला मात्र त्या दिवशी त्यांचा रागच आला. शिकवायचं एक आणि करायचं दुसरं, हे माझ्या स्वभावात बसत नाही.

सर आखाडा बाळापूरकडचे. लग्न केलेलं नव्हतं. गावात एका खोलीत राहत, खोलीला कुलूप कधी नसायचं. अंगानं किरकोळ, नेहमी पांढरा शर्ट, खिशात तबला ठोकायची छोटी हातोडी आणि कॉलरला खोचलेली पांढरी दस्ती, म्हणजे रुमाल. सगळ्या जगाबद्दल त्यांचं एकच मत होतं: "बराबर न्हाई." चहा बराबर न्हाई, प्रार्थना बराबर न्हाई, प्रजासत्ताक दिनाचं भाषण बराबर न्हाई. एसटीच्या कंडक्टरशी तर त्यांचं कायमचं वाकडं होतं. गाडी सोडायची घंटा तो कशीही ओढतो म्हणून. "दोनदा वाजवायची ना? मंग दोन्हीत अंतर ठेव की! काहून घाई करून राहिला?" कंडक्टर त्यांना उतरवून द्यायचा नाही एवढंच.

थंडीत ते सायकलवरून शाळेत यायचे तेव्हा स्वतः कुडकुडत असायचे आणि त्यांचा स्वेटर मागच्या कॅरिअरवर तबल्याला घातलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "सर, निमोनिया होईल." तर म्हणाले, "मला झाला तर डॉक्टर हाय, बाई. ह्याचं चामडं उतरलं तर हिंगोलीला जावं लागतं."

हा तबला शाळेचा. कधीतरी स्नेहसंमेलनासाठी घेतलेली एकच जोडी, उजव्या हाताचा लाकडी तबला आणि डाव्या हाताचा पितळी डग्गा. आणि शिकायला आली दोन पोरं. दोघंही आठवीत, दोघांनाही उपजत हात. एक बालाजी. गावातला, चांगल्या शेतीवाडीच्या घरचा, हट्टी. दुसरा वसराम, नाल्यापलीकडच्या तांड्याचा. तांड्यात होळीला नगारा वाजतो, त्यात तो लहानपणापासून होता. त्याचा आजा म्हणजे तांड्याचा नायक. तांड्यातलं भांडण, लग्न, देवकार्य, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. जोडी एक आणि वाजवणारे दोन, म्हणून पोरांची रोज मारामारी. "तो घरी नेतो, मला देत न्हाई" ही तक्रार रोज माझ्या तासाला यायची, कारण सर कुठं सापडायचे नाहीत.

सरांनी यावर जो तोडगा काढला तो दुसऱ्या कुणाला सुचलाही नसता. त्यांनी तबला बालाजीला दिला आणि डग्गा वसरामला. "तू उजवा. तू डावा. दोघांनी मांडीला मांडी लावून बसायचं. घरी नेताना आपापलं न्यायचं." आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढं दोन वर्षं त्यांनी बालाजीला फक्त उजवा हात शिकवला आणि वसरामला फक्त डावा.

मी भांडले. म्हटलं, "सर, पोरांचं वाटोळं करताय. तबलजी म्हणजे दोन हातांचा माणूस."

ते म्हणाले, "बाई, 'धा' कसा वाजतो म्हाईत हाय का? उजवा म्हनतो 'ना'. डावा म्हनतो 'गे'. दोघं येकदमच बोलले तर धा. एकल्याला धा येतच न्हाई."

"पण ते दोन हात एकाच माणसाचे असतात!"

"आसतेत. पर आसावेच आसं कुठं लिवलंय?"

अशा माणसाशी काय वाद घालणार. गॅदरिंगला ही दोन पोरं स्टेजवर येऊन बसली, एकाचा उजवा हात वाजतोय आणि डावा मांडीवर, दुसऱ्याचा उलटा, तेव्हा लोक हसले. मीही हसले. मग सगळे हसायचे थांबले. दोन पोरं वाजवताहेत हे डोळे मिटल्यावर कळत नव्हतं. बालाजीच्या वडिलांनी उभं राहून आजूबाजूच्यांना सांगितलं, "आमचंय ते." तांड्याच्या बायका मागं बसल्या होत्या, त्यात वसरामची याडी, म्हणजे आई, पदर तोंडाला लावून रडत होती. मला त्या दिवशी सर पहिल्यांदा आवडले, हेही सांगून टाकते.

आणि मग गायरानाचं झालं.

नाल्याकाठच्या गायरानाचा एक तुकडा तांड्यातली माणसं बऱ्याच वर्षांपासून वाहत होती. गावचं म्हणणं, ती जमीन आमच्या जनावरांची. तांड्याचं म्हणणं, आमी दगडं येचली, आता काहून सोडायची? एका सकाळी गावची जनावरं तिथल्या उभ्या ज्वारीत शिरली. शिरली की घातली, यावर अजूनही दोन मतं आहेत. काठ्या निघाल्या, दगड निघाले. बालाजीच्या वडिलांचं डोकं फुटलं. वसरामच्या चुलत्याला पोलिसांनी धरून नेलं. दुसऱ्या दिवशी गावानं तांड्याचं दळण बंद केलं, तर तांड्यानं गावच्या रानात कापूस वेचायला यायचं बंद केलं. आणि नायकानं सांगितलं, पोरं शाळेत जाणार नाहीत. रस्त्यात कुणी काही केलं तर?

वर्गातली मागची बाकं रिकामी पडली.

सर आठ-दहा दिवस काही वाजवत नव्हते. टेबल शांत. मला इतके दिवस हवी होती ती शांतता मिळाली आणि वह्या काही तपासून होईनात. एक दिवस ते आपणहून म्हणाले, "मी चुकलो, बाई. पोरं अर्धी करून ठेवली. आता ह्याला डावा न्हाई अन् त्याला उजवा न्हाई."

"मग आता शिकवा बालाजीला दोन्ही हात."

"डग्गा तिकडं हाय."

"आणा की मागून."

"मंग वसरामकडं काय ऱ्हातंय?" असं म्हणून ते उठून गेले.

संस्थेच्या अध्यक्षांनीही हेच सांगितलं. अध्यक्ष गावातलेच. शाळेची वस्तू तांड्यात कशाला, म्हणाले. डग्गा आणून जमा करा, नाही तर पुढच्या वर्षी तुमचं काय ते आम्हाला बघावं लागेल. सरांची नेमणूक दरवर्षी नव्यानं व्हायची, त्यामुळं या बोलण्याचा अर्थ अगदी उघड होता. सर म्हणाले, "आणतो. पर वसरामसकट आणतो."

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं त्यानं दोन्हीकडची माणसं त्यांना वेडा म्हणायला लागली. बालाजीचं घर गावाच्या कडेला, मातीचं माळवद, म्हणजे सपाट धाबं असलेलं. नाल्यापलीकडे समोरच्याच टेकाडावर नायकाचं घर. मधल्या वाटेवर नाल्यावर एक छोटा पूल. संध्याकाळी वारा पडला की इकडून तिकडचं भांड्याचं वाजणंसुद्धा ऐकू यायचं. सरांनी बालाजीला माळवदावर बसवलं, वसरामला निरोप धाडून नायकाच्या अंगणात बसवलं. आपल्याच घरी बसून पोरगं वाजवतंय, त्याला कोण काय म्हणणार? स्वतः माळवदावर उभे राहून त्यांनी पांढरी दस्ती हलवली. हात खाली आला की सम.

पहिल्या दिवशी फजिती झाली. सर माळवदावरून ओरडले, "वसराम, मागं पडून राहिला तू!" पलीकडून वसराम ओरडला, "न्हाई सर, तुमच्या हातावरच मारलो!" दुसऱ्या दिवशी सर तांड्यात गेले. तिथून दस्ती हलवली. आता वसराम बराबर आणि बालाजी मागं. बालाजी इकडं शपथा घेतोय. चार दिवस हे चाललं. गाव म्हणे, तांड्याच्या पोराला ताल नाही, आमच्या पोराला मागं खेचतंय. तांडा म्हणे, गावचं पोरगं सुस्त आहे. गिरणीवर, पारावर, इकडं अंगणात, तिकडं अंगणात, गायरानाइतकीच चर्चा मागं कोण पडतंय याची. शेवटी दोन्ही पोरं रडकुंडीला आली आणि सर माझ्याकडे आले.

"बाई, कायतरी भूत हाय ह्याच्यात. मी जिथं उभा ऱ्हातो तिथलं पोरगं बराबर. दुसरं मागं."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, "सर, भूत नाही. आठवीच्या पुस्तकातला धडा आहे. नाल्यावर लांब कुणी धुणं आपटतं, तेव्हा कपडा आधी आपटलेला दिसतो आणि आवाज मागून येतो, बघितलंय ना? दस्ती लगेच दिसते. आवाजाला यायला वेळ लागतो. दोघंही बराबर आहेत. तुम्हीच चुकीच्या जागी उभे आहात."

"म्हंजे दोघंबी खरं बोलून राहिले?"

"दोघंही."

"अन् ऐकनारेबी?"

"ऐकणारेही. आपापल्या दारातून."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर पुलावर गेले. कुतूहल म्हणून गेले, खोटं कशाला बोलू. सर पुलाच्या कठड्यावर चढले, जरा गावाकडे सरकले, जरा तांड्याकडे, मग एका जागी थांबले. पोरांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, एकमेकांचं ऐकायचं नाही, कान बंद, नुसता माझा हात बघायचा. दस्ती वर गेली आणि खाली आली.

धा.

आवाज लहानच होता. कान टवकारून ऐकावा लागत होता. पण एका बाजूनं ना आला, दुसऱ्या बाजूनं गे आला आणि आमच्या डोक्यावर त्यांचा धा झाला. बालाजीच्या माळवदावर तो वाजत नव्हता, नायकाच्या अंगणात वाजत नव्हता. वाजवणाऱ्या दोघांनाही तो ऐकू येत नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. सरांना विचारलं, "आता तरी बराबर?" तर म्हणाले, "न्हाई. वारं आडवं येऊन राहिलं."

हे रोज चाललं. एका संध्याकाळी बालाजीचे वडील तरातरा पुलावर आले. डोक्याचे टाके निघाले होते, राग निघाला नव्हता. मला वाटलं आता हे सरांना ढकलून देतात नाल्यात.

"सर, हे बंद करा! तांड्याच्या पोरापायी माझ्या लेकराचा ताल बिघडून राहिला. आमाला घरून ऐकू येतंय ना, कोन मागं पडतंय ते!"

सर हात हलवत होते. ते म्हणाले, "थांबा. सम येऊ द्या."

आणि तो संतापलेला माणूस थांबला. थांबला तसा त्याला ऐकू आलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी कपाळाला आठ्या, मग तोंड जरा उघडं. ते उलटे घराकडे गेले, माळवदावर चढलेले दिसले, तिथं थोडा वेळ उभे राहिले आणि पुन्हा पुलावर आले. धापा टाकत मला म्हणाले, "बाई, घरून चुकतंय अन् हितं बराबर. काहून?"

मी त्यांना धुण्याचं उदाहरण दिलं. "म्हणजे तिकडून ऐकलं तर माझं पोरगं मागं पडतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो. तिकडं रोज तेच बोलतात." हे ऐकून ते फार दुखावले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि नेमका पलीकडून नायक आला. पागोटं, हातात काठी. गावचं पोरगं रोज मागं पडतंय, आमच्या वसरामचं नाव खराब होतंय, हीच तक्रार घेऊन आला होता. समोर बालाजीचे वडील दिसताच तो थबकला. भांडणानंतर ही दोन माणसं पहिल्यांदाच समोरासमोर आली होती. सरांनी मात्र मान वळवून बघितलंसुद्धा नाही, त्यांचा हात चालू होता. मग कोण काय बोलणार? दोघं कठड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. अंधार पडेपर्यंत उभे राहिले.

निघताना नायक रस्त्याकडे बघत म्हणाला, "पोराचा हात चांगलाय."

बालाजीच्या वडिलांनी विचारलं, "कोनाच्या?"

"तुमच्या. आमच्याचा आमाला म्हाईतच हाय."

"आमच्याचा आमालाबी म्हाईत हाय," बालाजीचे वडील म्हणाले, आणि मग नाइलाजानं, "तुमच्याचाबी चांगलाय."

तबल्यानं भांडण मिटलं असं मी सांगणार नाही. तारखा पडतच राहिल्या आणि ज्वारीत जनावरं कुणी घातली यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. पण त्या आठवड्यात तांड्याची पोरं शाळेत आली. पुढं वसराम डग्गा घेऊन चालत होता, बरोबर त्याचा आजा. शाळेच्या फाटकापर्यंत आला आणि परत गेला. दळण त्यानंतर कधीतरी सुरू झालं.

सरांची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. कारण चित्रकला येत नाही असं देण्यात आलं, आणि त्यावर मी काय बोलणार? मी बोलले, पण कारण खरं होतं. ते आखाडा बाळापूरला बहिणीकडे गेले. मला दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा पोरांचे हात कसे आहेत एवढंच विचारायला. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही उशिरा. तेराव्यालाही मला जाता आलं नाही, याचं वाईट वाटतं. त्या माणसाला गावाशी घेणं नव्हतं, तांड्याशी नव्हतं, सलोखा वगैरे शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. त्यांना त्यांचा धा पुरा हवा होता. मी मात्र इतकी हट्टी माया दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

एव्हाना हिंगोली जिल्हा होऊन जुनी गोष्ट झाली, मी बदली घेऊन शहरात आले. मागं नरसीला गेले होते. तिथं एका मांडवात भजन चाललं होतं आणि तबल्याचा आवाज ऐकून मी चप्पल तशीच सोडून आत गेले. मिशा आलेले दोन बाप्ये मांडीला मांडी लावून बसले होते. बालाजीचा उजवा हात वाजत होता, वसरामचा डावा. तसेच.

भजन लावणारे गृहस्थ मला म्हणाले, "ह्या दोघांची लई तकलीफ हाय, बाई. एकाला सांगितलं की दुसऱ्यालाबी आनावं लागतं. गावात कार्यक्रम असला तरी तांड्यात गाडी धाडावी लागती, तांड्यात असला तर गावात. अर्धंच शिकिवलं हो त्यांच्या मास्तरनं."

चहाच्या वेळी मी बालाजीला बाजूला घेतलं. माझ्यातली शिक्षिका काही गप्प बसत नाही. म्हटलं, "अरे, सर गेले. आता तरी दुसरा हात शिकून घे. जन्मभर असाच अर्धा राहणार का?"

त्यानं मागं वळून बघितलं. वसराम लांब उभा राहून गाडीवाल्याशी बोलत होता.

"मला दोन्ही हातानं येतं, बाई."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली. वसरामनं मला डावा शिकिवला, मी त्याला उजवा. त्यालाबी येतं."

"मग हे काय नाटक लावलंय?"

बालाजीनं कप खाली ठेवला.

"तुमी कुनाला सांगू नका, बाई," तो म्हणाला. "गावाला न्हाई अन् तांड्यालाबी न्हाई. कळलं तर एकालाच बोलावतेल."